एक सूत आत

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कवीला रेडिओवर बोलावलं की कविता वाचायला सांगतात, असा माझा आजवरचा अनुभव. या वेळी मात्र मला विषय देण्यात आला, 'आमच्या कारखान्यात संगणक आला तेव्हा.' मी म्हटलं, अहो, मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. मला त्यातलं तंत्र काय कळणार? त्यावर उत्तर मिळालं की तंत्र सांगणारे पुष्कळ आहेत, तुम्ही तिथं होता, तेवढं सांगा. तर तेवढंच सांगतो.

मी १९९१ साली कोल्हापुरातल्या एका कारखान्यात लागलो. कारखान्याचं नाव सांगत नाही. आपलं कोल्हापूर बाहेरच्यांना अंबाबाई, कुस्ती आणि तांबडा-पांढरा रस्सा यांमुळं माहीत असतं. पण उद्यमनगरात सकाळी आठ वाजता उभं राहिलं, तर कानावर लेथचा आवाज येतो आणि नाकात जळक्या वाळूचा वास. उसाच्या चरकांची आणि इंजिनांची दुरुस्ती करता करता इथल्या मिस्त्री लोकांनी इंजिनंच बनवायला घेतली, फौंड्र्या टाकल्या, आणि पुढं शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत हा पसारा वाढत गेला. आमचा कारखाना त्यातलाच एक, पंपांचा. स्वतःची लहानशी फौंड्रीही होती.

माझी जागा ड्रॉइंग ऑफिसात. हुद्दा रेकॉर्ड क्लार्क. डिझाइनची माणसं उतरत्या बोर्डावर वाकून पेन्सिलीनं काढायची, ट्रेसर तेच शाईच्या पेनानं ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे. रेघ चुकली तर दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं ती अलगद खरवडायची. मग ते ट्रेसिंग माझ्याकडे. मी त्याला नंबर द्यायचा, रजिस्टरात चढवायचं, अमोनियाच्या मशीनवर त्याच्या प्रती काढायच्या आणि शॉपमध्ये पाठवायच्या. त्या अमोनियानं डोळ्यांतून पाणी यायचं. नवीन माणसाला वाटायचं, हा कवी बसल्या जागी रडतोय.

त्याच कारखान्यात माझे अब्बा पॅटर्नमेकर होते. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण बीड थंड होताना आकसतं. मीटरला साधारण दहा मिलिमीटर, म्हणजे शंभरात एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकरची एक खास पट्टी असते, काँट्रॅक्शन स्केल. तिच्यावर आकडे नेहमीसारखेच असतात, पण प्रत्येक खूण किंचित लांब. मी सहावीत असताना ती पट्टी अब्बांच्या पिशवीतून काढून भूमितीच्या तासाला नेली होती. तीस सेंटिमीटरची माझी रेघ गुरुजींच्या पट्टीवर तीन मिलिमीटर जास्त भरली आणि मी मार खाल्ला. घरी येऊन रडलो, तर अब्बा हसायला लागले. म्हणाले, "ही पट्टी लोखंडाशी खरं बोलते, मास्तरांशी नाही." मला ते वाक्य पुढं फार आवडायला लागलं, पण त्या दिवशी अजिबात आवडलं नव्हतं.

तर ड्रॉइंगवर असतो तो तयार झालेला भाग. त्यावरून पॅटर्न कसा करायचा, हे पॅटर्नमेकरनं ठरवायचं. आकसण्यासाठी किती सोडायचं, मशीनिंगसाठी किती जाडी ठेवायची, पॅटर्न वाळूतून निघताना कड ढासळू नये म्हणून किती उतार द्यायचा. अब्बा हे सगळं शॉपमध्ये आलेल्या प्रतीवर पेन्सिलीनं लिहीत. त्यांचं माप सुताचं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. कारखान्यातली ड्रॉइंगं केव्हाच मिलिमीटरमध्ये गेली होती, अब्बा सुतावरच राहिले. 'इथं अर्धा सूत जादा.' 'कोपरा गोल घेणे.' 'कोअर सरकते, आधार दोन.' तिसरी शिकलेल्या माणसाचं ते मराठी. काना मात्रा इकडं तिकडं, पण अक्षर स्वच्छ. त्या प्रती तेलकट व्हायच्या, घडीवर फाटायच्या, त्यांना मागून चिकटपट्टी लागायची. तरी पॅटर्न दुरुस्तीला आला की अब्बा तीच जुनी प्रत मागायचे. मी नवी कोरी प्रत काढून देत असे, ती ते परत पाठवत.

अब्बा १९९९ साली निवृत्त झाले. त्याआधी दोन वर्षं आमच्याकडे ऑटोकॅड आलं होतं, पण त्यानं फारसं काही बदललं नव्हतं. बोर्डावर जी रेघ काढायची ती पडद्यावर काढायची, एवढाच फरक. खरा बदल २००४ साली झाला. परदेशातल्या एका ग्राहकानं कळवलं, की आम्हाला ड्रॉइंग नको, त्रिमिती मॉडेल पाठवा. मोठ्या मालकांनी दोन दिवस विचार केला आणि कर्ज काढून नवं सॉफ्टवेअर, चार नवे संगणक आणि ते चालवणारी चार मुलं घेतली. जुने बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले. काही महिन्यांनी त्यांवर कँटीनचे डबे वाळत घातलेले मी पाहिले.

मी त्या सॉफ्टवेअरच्या विरोधात होतो असं समजू नका. मी तर पहिल्याच दिवशी भारावून गेलो. पंपाचा भाग पडद्यावर उभा राहायचा आणि माऊसनं गोल गोल फिरायचा. एक माप बदललं की त्याच्याशी जोडलेली सगळी मापं आपोआप बदलायची, ड्रॉइंगसुद्धा. त्याआधी शाफ्टचा व्यास बदलला, तर सात ट्रेसिंगांवर ब्लेड चालवावं लागे आणि आठवं हमखास विसरलं जाई. कास्टिंगचं वजन काढायला पूर्वी आकृतीचे तुकडे पाडून अर्धा दिवस आकडेमोड चाले. बीड किलोवर विकलं जातं, त्यामुळं वजन चुकलं की भाव चुकला. आता वजन एका टिचकीत. दोन भाग एकमेकांत घुसतात का, बोल्टला पाना बसतो का, हे कास्टिंग ओतण्याआधी दिसू लागलं. बोइंगनं ७७७ हे विमान असंच संपूर्णपणे संगणकावर डिझाइन केलं, १९९४ साली ते उडालं, आणि त्यासाठी पूर्वीसारखा खऱ्या आकाराचा सबंध नमुना आधी उभा करावा लागला नाही, हे आमच्या साहेबांनी आम्हाला अभिमानानं सांगितलं. जणू त्यात आपलाही एखादा पंप होता.

आमच्याकडे जुनी ट्रेसिंगं हजारोंनी होती. ठरलं असं, की चालू असलेले भाग आधी घ्यायचे. मी ट्रेसिंग काढून द्यायचं, मुलांनी त्यावरून मॉडेल बनवायचं, मी नंबर जुळवून रजिस्टरात खूण करायची. त्या चौघांत एक मुलगी होती, इचलकरंजीची, डिप्लोमा झालेली, जेमतेम बावीस वर्षांची. सगळ्यांत जलद आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी. "काका, हा उतार इथं का दिलाय?" मला कुठलं माहीत? मी म्हणायचो, "ट्रेसिंगवर आहे ना, मग द्यायचा."

याच सुमाराला आमचं आयएसओचं ऑडिट झालं. ऑडिटरनं पॅटर्न शॉपच्या कपाटातून अब्बांच्या काळातला तेलकट प्रतींचा गठ्ठा बाहेर काढला आणि विचारलं, यावर शिक्का कुठाय, रिव्हिजन कोणती? त्याचं चूक नव्हतं. शॉपमध्ये जुन्या, बिनशिक्क्याच्या प्रती पडून राहिल्या, की कोणीतरी त्यावरून चुकीचा भाग करतो. हे मी स्वतः दोनदा पाहिलं होतं. साहेबांनी हुकूम काढला, शॉपमधल्या सगळ्या जुन्या प्रती नष्ट करा. यादी करायची आणि यादीखाली रेकॉर्ड क्लार्कची सही, म्हणजे माझी.

मी यादी केली. करताना प्रत्येक कागद माझ्या हातातून गेला. अब्बांचं अक्षर मी ओळखलं, ओळखणारच. एकदा मनात आलंही, साहेबांना विचारावं का? मग वाटलं, ट्रेसिंग मूळ आहे, ते आपल्याकडे सुरक्षित आहे, ही तर नुसती पेन्सिल. बापाचं अक्षर म्हणून कारखान्याची रद्दी सांभाळायला लागलो, तर लोक हसतील, असंही वाटलं. खरं सांगायचं, तर हे दुसरं जास्त वाटलं. सही केली. दोन पोती रद्दी गेली.

आमच्याकडे बेअरिंग धरणारा एक भाग होता, इंग्रजी यू अक्षरासारखा. खाली बूड, वर दोन पाय. शॉपमध्ये त्याला 'चिमटा' म्हणत. त्याचा लाकडी पॅटर्न वीस वर्षं वापरून झिजला होता. नव्या पद्धतीनं त्याचं मॉडेल झालं, ते त्या मुलीनं केलं. मॉडेल सगळीकडून एक टक्का मोठं करून त्यावरून सीएनसी मशीनवर ॲल्युमिनियमचा पॅटर्न कापला. आरशासारखा. सागवानाचा पॅटर्न त्यापुढं अगदी गावंढळ दिसत होता. तो भट्टी पेटवायला गेला.

पहिली साठ नगांची खेप ओतली ती २००५ च्या ऑक्टोबरात. त्या वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती आणि माल त्याआधी बंदरावर पोचायचा होता. पहिला नग मशीनवर चढवला. दोन पायांच्या मधली जागा कापायची होती. पायांच्या मुळाशी कटर लागला, पण टोकाशी तो नुसता हवेतच फिरला. पाय वर जाता जाता फाकलेले. कापायला धातूच उरला नव्हता. दुसरा नग तसाच, तिसराही तसाच. साठच्या साठ पुन्हा भट्टीत गेले.

ट्रेसिंग तपासलं, बरोबर होतं. मॉडेल तपासलं, ट्रेसिंगबरहुकूम होतं. पॅटर्न मोजला, मॉडेलबरहुकूम होता. सगळं बरोबर आणि कास्टिंग चूक. मग अशा वेळी जे होतं तेच झालं. मॉडेल कोणी केलं, हा प्रश्न निघाला आणि त्या मुलीला मेमो मिळाला. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती.

आणि मला आठवलं. यादी करताना चिमट्याची प्रत माझ्या हातात होती. दोन्ही पायांच्या टोकाशी बाण काढून अब्बांनी लिहिलं होतं, 'एक सूत आत.' मला ते स्पष्ट दिसत होतं, पेन्सिलीच्या चकाकीसह. मी कोणाला बोललो नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अकरा दिवस. ती मुलगी रोज माझ्यासमोर बसून तेच मॉडेल उलटसुलट करून बघत होती. मला विचारायची, "काका, कुठं चुकलं असेल हो?" मी रोज्यात होतो आणि म्हणायचो, "काय की, बाळ."

बाराव्या दिवशी इफ्तारनंतर अब्बांना सांगितलं. त्यांनी खजुराची बी ताटलीत ठेवली आणि विचारलं, "वो मैले कागदां कां गये?" मी म्हटलं, रद्दीत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दोन बोटं उभी धरून मला समजावून सांगायला लागले. बीड आकसताना बूड मोकळं असतं, ते आत आत येतं. पण दोन पायांच्या मध्ये वाळू घट्ट भरलेली असते, ती पायांना जवळ येऊ देत नाही. म्हणून खालून ओढ बसते आणि टोकं बाहेर फाकतात. मग पॅटर्नमध्येच पाय आधी आत झुकवून ठेवायचे, म्हणजे थंड होताना फाकून बरोबर सरळ होतात. वाकडा पॅटर्न, सरळ कास्टिंग. पुढं मला कळलं, की हे फौंड्रीच्या पुस्तकातही आहे. पण आमच्या चौघांना पुस्तक फौंड्रीचं नव्हतं, सॉफ्टवेअरचं दिलं होतं.

"उस लडकी को मेमो दिये?" एवढं त्यांनी नंतर विचारलं. मी हो म्हटलं. ते उठून नमाजाला गेले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढं जाऊन सगळं सांगितलं. तो अर्धा तास मी इथं सांगणार नाही. माझी एक वेतनवाढ गेली, ती रास्त होती. मुलीचा मेमो मागं घेतला गेला, पण तो देताना सगळ्यांना दिसला होता आणि मागं घेताना कोणाला दिसला नाही. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. तेही रास्तच.

ईद झाल्यावर साहेबांनी गाडी पाठवून अब्बांना बोलावून घेतलं. सहा वर्षांनी ते कारखान्यात येत होते. मुलीनं त्यांना खुर्ची दिली, चिमटा पडद्यावर आणला आणि माऊसनं फिरवला. अब्बा पुढं झुकले. "पलटी कर," म्हणाले. तिनं केला. "आता बुडाकडून." तिनं दाखवला. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "पोरी, हे मी चाळीस वर्षं डोळे मिटून करायचो. तुझं बरं आहे, उघडे ठेवून दिसतं." आणि मग पडद्याला बोट लावून, "हा पाय एक सूत आत." तिनं विचारलं, "चाचा, सूत म्हणजे किती मिलिमीटर?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, तीन पूर्णांक दोन दशांश, जवळजवळ.

तिनं काय केलं, ते मला आजही मोलाचं वाटतं. तिनं मूळ मॉडेलला हात लावला नाही. त्याच फाइलीत दुसरं रूप तयार केलं, ओतकामाचं, आणि त्यात पायांचा झुकाव हे एक वेगळं माप म्हणून ठेवलं. मापाला नाव दिलं 'सूत'. शेजारी टीप लिहिली, पाय का झुकवले ते. पुढची खेप निघाली, पाय सरळ आले.

त्यानंतर दोन वर्षं, सवड मिळेल त्या रविवारी, ती मुलगी आमच्या घरी यायची. अम्मी तिला शीरखुर्मा नाही तर चहा-खारी द्यायची. ती चालू भागांच्या छापील प्रती आणायची, अब्बा त्यांवर पेन्सिलीनं लिहायचे आणि ती सोमवारी ते फाइलीत घालायची. अब्बांना जेवढं आठवलं तेवढं आलं. पन्नासेक भाग झाले असतील. काही वेळा ते प्रत हातात घेऊन नुसते बघत बसायचे. "इथं काहीतरी होतं," म्हणायचे. तेवढंच.

आमच्यासारख्यांचीच अशी फजिती होते, असं मला वाटायचं. पण २००६ मध्ये पेपरात एअरबसच्या ए-३८० विमानाची बातमी वाचली. त्या विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या तारा, आणि हॅम्बुर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूजमध्ये बसवायला घेतले, तर लांबी पुरेना. कारण दोन ठिकाणी एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या चालत होत्या. विमान सुमारे दोन वर्षं रखडलं. मी ते कात्रण अब्बांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "मेमो कोणाला दिला?" पेपरात त्या खालच्या माणसांबद्दल काही नव्हतं.

आता तर साच्यात बीड कसं गोठेल, कुठं पोकळी राहील, हे आधीच दाखवणारी सॉफ्टवेअरं आहेत. मुंबईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी विकसित केलेलं ऑटोकास्ट हे त्यातलंच. पाय किती फाकतील याचा हिशेब मांडणारीही आहेत. अब्बांना हे आवडलं असतं. त्यांना लाकडाचा नव्हे, चुकीच्या कास्टिंगचा राग होता.

अब्बा २०११ साली गेले. ती मुलगी त्याआधीच पुण्याकडं मोठ्या कंपनीत गेली होती, मयतीला आली होती. मी अजून तिथंच आहे, निवृत्तीला थोडी वर्षं आहेत. २०१४ मध्ये आमची रेकॉर्ड रूम नव्या इमारतीत हलवली. तेव्हा एका लोखंडी कपाटाच्या मागं, भिंतीला चिकटलेली, अब्बांच्या वेळची एक प्रत सापडली. यादीतून सुटलेली. पंपाच्या एका कव्हरची. एका भोकाभोवती पेन्सिलीनं गोल, आणि बाजूला त्यांच्या अक्षरात, 'इथे करण्याआधी मला विचारणे.'

ते कव्हर अजून निघतं. कास्टिंगला काही तक्रार नाही. मी त्या मुलीला फोन केला, म्हटलं, तुझ्याजवळ रविवारचं काही टिपण आहे का, या नंबरचं? तिनं जुन्या वह्या शोधल्या. या नंबरचं काही नव्हतं. म्हणाली, "काका, ती प्रत तेवढी स्कॅन करून फाइलीला जोडा." स्कॅनरवर पेन्सिल नीट उमटेना, तीन वेळा घालावी लागली. आता मॉडेल उघडलं, की ती प्रत शेजारी उघडते. नवीन मुलं विचारतात, हे कशाबद्दल आहे? मी त्यांना भोक दाखवतो.